आधी पत्रा, मग रंग

काका, सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांची २००१ सालची पांढरी मारुती ८०० आता माझ्याकडे धायरीला आहे. निवृत्तीनंतर नऊ वर्षं ती त्यांच्याबरोबर गुहागरला होती. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि गाडी मी पुण्यात आणली. इंजिन उत्तम आहे, पहिल्या किल्लीला सुरू होतं. पण अंगावर सगळीकडे गंज. दारांच्या खालच्या कडा फुगल्यात, मागच्या चाकांच्या कमानी सुटायला लागल्यात आणि गेल्या आठवड्यातल्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखालच्या कार्पेटमधून पाणी वर आलं.

तीन ठिकाणी विचारलं. सोसायटीजवळचा पेंटर १८ हजारांत, चार दिवसांत ‘नवीकोरी’ करून देतो म्हणाला. नऱ्ह्यातल्या गाळ्यातल्या एका डेंटरनं (पत्र्याचं काम करणाऱ्यानं) ४६ हजार सांगितले, तीन आठवडे मागितले आणि वर ‘उघडल्यावर कळेल’ म्हणाला. एका मोठ्या वर्कशॉपनं १ लाख १५ हजारांचा अंदाज दिला आणि ‘त्यापेक्षा भंगारात द्या’ असंही सुचवलं. मी शाळेत शिकवते, ४० हजारांपलीकडे जाणं मला अवघड आहे. नोंदणीचं नूतनीकरण डिसेंबरच्या शेवटी आहे, गाडी अजून बाबांच्याच नावावर आहे. विकायची मात्र नाही. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांनी मार्करनं टायरची हवा आणि सर्व्हिसिंगच्या तारखा लिहून ठेवल्यात, ते तसंच राहायला हवं. कोणाकडे जाऊ? आणि पुण्याच्या कोरड्या हवेत आणूनही गंज वाढतोच कसा?

— एक वाचक, धायरी

*

ताई,

तुम्हाला भेटलेल्या तिघांपैकी खरं बोलला तो एकच, ‘उघडल्यावर कळेल’ म्हणणारा. गंजलेल्या गाडीचा आकडा बाहेरून बघून कोणालाही सांगता येत नाही. मला या कामात पस्तीस वर्षं झाली, तरी मलाही येत नाही. वर फुगलेला रंग रुपयाएवढा दिसतो आणि खाली पत्रा तळहाताएवढा गेलेला असतो.

हे तीन दर एकाच कामाचे नाहीत. १८ हजारवाला तुमच्या गाडीला रंग मारणार आहे. फुगे खरवडायचे, भोकांवर लांबी (पुट्टी) भरायची, घासून सपाट करायचं आणि वर पांढरा रंग. गाडी चौथ्या दिवशी खरंच सुंदर दिसेल. ४६ हजारवाला सडलेला पत्रा कापून नवा जोडणार आहे, म्हणून त्याला तीन आठवडे हवेत. मोठ्या वर्कशॉपनं जोडकाम धरलेलंच नसणार. तिथे पॅनेल बदलतात, सगळी गाडी बूथमध्ये रंगवतात आणि त्यात तासांची मजुरी, जागेचं भाडं, १८ टक्के जीएसटी येतो. त्यांच्या हिशेबानं ते चूक नाहीत. पण ‘भंगारात द्या’ हा सल्ला गाडीची बाजारातली किंमत बघून दिलेला आहे, आणि तुम्हाला ती विकायचीच नाही. गाडी रोजच्या वापराला सुरक्षित व्हावी आणि आणखी सात-आठ वर्षं टिकावी, एवढंच आपण बघू. ते तुमच्या बजेटच्या आसपास बसतं, मात्र पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही हे आधी ठरवायला हवं.

आधी गंजाचं. पुण्यात येऊनही तो थांबत नाही, कारण गुहागरचं मीठ गाडीबरोबर आलंय. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे बारीक कण असतात. ते दारांच्या पोकळीत, रनिंग बोर्डच्या (दारांखालच्या लांब पोकळ पट्टीच्या) आत, दोन पत्र्यांच्या सांध्यात जाऊन बसतात. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि मीठ असलं की पाण्यातून वीज सहज वाहते व गंजण्याची क्रिया कितीतरी भरभर होते. शिवाय मीठ हवेतली ओल स्वतःकडे ओढून धरतं. त्यामुळे बाहेर तुम्हाला-मला हवा कोरडी वाटत असली, तरी त्या सांध्याच्या आत पत्रा ओलाच असतो. नऊ वर्षांत मुरलेलं मीठ दोन वर्षांच्या पुणेरी उन्हानं जात नाही. आणि म्हणूनच वरून रंग मारून भागत नाही, कारण गंज आतून बाहेर येतोय.

हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. या धंद्यात नवा होतो, तेव्हा माझ्याकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी होती. गणपतीच्या आधी घाईघाईनं एका ठिकाणी रंगवून घेतली, स्वस्तात झाली म्हणून घरात पेढे वाटले. शिमग्याला उजवा रनिंग बोर्ड पुन्हा फुगला. टोकदार स्क्रू-ड्रायव्हर लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला. लांबीचा वीतभर तुकडा विटेसारखा निघून हातात आला, अंगठ्याएवढा जाड. त्याच्यामागे तारेची जाळी आणि जाळीमागे कोंबलेलं वर्तमानपत्र, ओलं गच्च. सहा महिने मी त्या गाडीतून लहान मुलं बसवून खंडाळ्याच्या घाटानं मुंबईला जात होतो. ज्या पत्र्यावर दारांचे खांब उभे असतात, त्या जागी कागद भरलेला होता. त्या दिवशीचा तो ओल्या कागदाचा वास मला अजून आठवतो, आणि कोणी ‘चार दिवसांत नवीकोरी’ म्हणालं की मला राग येतो.

तुमच्या ८०० ला वेगळी चॅसी नाही, सगळी बॉडी मिळून एकच पेटी आहे. रनिंग बोर्ड, फ्लोअर आणि खांब हेच तिचा कणा. लांबी ही पॉलिएस्टरची असते, ती पाणी शोषते. चांगल्या पत्र्यावर, प्रायमर लावून, खड्डा भरण्यापुरती दोन-तीन मिलिमीटर लावली तर तिचं काम ती चोख करते. भोकावर लावली तर ती ओल्या स्पंजासारखी पत्र्याला चिकटून बसते आणि उरलेला पत्राही खाते.

आता येत्या रविवारी दोन तास काढा. कोणाला पैसे द्यायच्या आधी गाडी तुम्ही स्वतः बघायची आहे. मॅट आणि कार्पेट पूर्ण उचला, बाहेर वाळत घाला आणि पावसाळाभर परत आत घालू नका. खालचा पत्रा दिसेल. पापडासारखे पदर सुटत असतील तिथे स्क्रू-ड्रायव्हरच्या मागच्या दांड्यानं ठोका. चांगला पत्रा टण् वाजतो, गेलेला बद्द वाजतो. मग टोकानं दाबून बघा, आत जात असेल तर खडूनं गोल करा. संकोच नको, जिथे टोक आत गेलं ती जागा कापायचीच होती. दारांच्या खालच्या कडांना बारीक भोकं असतात, पाणी निघून जायची. ती मातीनं आणि कुजलेल्या पानांनी बुजलेली सापडतील. खराट्याच्या काडीनं मोकळी करा. मी पाहिलेल्या फुगलेल्या दारांपैकी बहुतेकांच्या मुळाशी ही बुजलेली भोकंच होती. डिकीत स्टेपनीखाली, बॅटरीच्या ट्रेखाली आणि बॉनेट उघडून शॉकअॅब्सॉर्बर वर जिथे बॉडीला बसतो त्या गोल घुमटाभोवती बघा. शेवटी फ्रिजवरचं एक पातळ लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून कमानींवरून, दारांवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे आधीच कोणीतरी लांबी भरलेली आहे.

पायाखाली पाणी येतंय ते भोकातूनच येत असेल असं नाही. पुढच्या काचेच्या रबरातूनही ते डॅशबोर्डच्या आतून खाली उतरतं. एकीला आत बसवा आणि काचेच्या वरच्या कडेपासून तांब्यानं हळूहळू पाणी सोडा. आतून कुठे ओघळतंय ते कळेल. रबर गळत असेल तर फ्लोअर नवा करूनही दोन पावसाळ्यांत तो जाईल, म्हणून हे आधी.

एका गोष्टीसाठी मात्र रविवारपर्यंतही थांबू नका. ब्रेकची नळी आणि पेट्रोलची नळी गाडीच्या खालून जातात, त्याच मिठाच्या वाऱ्यात त्या नऊ वर्षं होत्या. तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकला गाडी वर घेऊन त्या दोन्ही हातानं चाचपायला सांगा. वर घेताना जॅक रनिंग बोर्डच्या कडेत रुतत असेल, किंवा गाडी उचलल्यावर दार लागेनासं होत असेल, तर काम होईपर्यंत गाडी चालवू नका. फ्लोअरला भोक असेल तर सायलेन्सरचा धूर आत येऊ शकतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून तोवर काचा बंद करून बसू नका. सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात त्या जागाही बघून घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कोणाकडे जायचं. मी नाव सांगत नाही. आज एखादं नाव छापलं की पुढच्या महिन्यात तिथे रांग लागते आणि काम शिकाऊ पोरांच्या हाती जातं. माणूस शोधायची रीत सांगतो. तुम्हाला पेंटर शोधायचा नाही, डेंटर शोधायचाय. गंजाच्या कामात ऐंशी टक्के कौशल्य कापण्या-जोडण्यात असतं. चांगला डेंटर त्याच्या ओळखीचा पेंटर घेऊनच येतो, उलटं क्वचित होतं.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या आणि गाड्यांच्या रंगाच्या दुकानांत जा. रंग मिसळून देणाऱ्या काउंटरवरच्या माणसाला दुपारच्या निवांत वेळी विचारा की जुन्या गाड्यांचं पत्र्याचं काम करणारे कोण इपॉक्सी प्रायमर (रंगाखाली मारायचा, पाणी आत न सोडणारा थर) घेऊन जातात. कोण काय दर्जाचा माल नेतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. जो फक्त लांबीचे डबे आणि स्वस्त थिनर नेतो त्याचं नाव तो तुम्हाला सांगणार नाही. स्कूल व्हॅन चालवणाऱ्यांनाही विचारा, त्यांची गाडी ठरावीक मुदतीनं तपासणीला जाते आणि त्यांना स्वस्त आणि टिकाऊ या दोन्हींची सारखीच गरज असते.

मग गाळ्यावर जा आणि तयार गाडी बघू नका. तयार गाडी सगळ्यांचीच छान दिसते. अर्धी उघडलेली गाडी दाखवायला सांगा. सीट काढलेत का, कापलेली कड चमकत्या पत्र्यापर्यंत गेली आहे का, की तपकिरी कडेलाच तुकडा चिकटवलाय? वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात विजेनं केलेलं, आहे का? गॅसच्या ज्योतीनं पाऊण-एक मिलिमीटरचा पत्रा तापून लाटांसारखा वाकतो आणि मग तो लपवायला पुन्हा लांबी. सीओटूवर थोडं थोडं, जागा बदलत टाके मारले की पत्रा सरळ राहतो. कोपऱ्यात आग विझवायचं सिलिंडर दिसतंय का तेही बघा. कार्पेट आणि पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणग्या उडणार आहेत, ज्याच्याकडे ते नाही त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

नऱ्ह्यातला तुमचा डेंटर या कसोटीला उतरला तर मला तो पसंत आहे. तुमच्या घरापासून जवळ आहे, म्हणजे दर दोन दिवसांनी जाता येईल. जवळ असण्याचे आणखी दोन फायदे. नऱ्हे-धायरीच्या लघुउद्योगांत पत्रा वाकवणारी मशीनं आहेत, रनिंग बोर्डचा लांब तुकडा २० गेजच्या सीआर (थंड लाटलेल्या) पत्र्यातून तिथे नेमका वाकवून मिळतो, हातोडीनं ठोकून केलेल्यापेक्षा सरस. आणि काम उघडं असताना तुम्ही स्वतः बघू शकता.

त्याच्या ४६ हजारांत बहुधा पूर्ण गाडीचा रंग धरलेला असणार. तोच कमी करायचा. मारुती ८०० मध्ये पुढची मडगार्डं, चारही दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण नटबोल्टांवर असतं. ते काढून दुसरं लावता येतं. रनिंग बोर्ड, फ्लोअर, मागच्या कमानी आणि छत वेल्ड केलेलं असतं, तिथे कापून जोडण्याला पर्याय नाही. म्हणून मजुरी फक्त वेल्ड केलेल्या भागावर खर्च करा. पुढचं मडगार्ड सडलं असेल तर ते दुरुस्त करत बसू नका, नवं आणा. ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती, तिचे पत्रे आजही सहज आणि स्वस्त मिळतात. दार तळाशीच गेलं असेल तर पट्टी जोडता येते, जास्त गेलं असेल तर जुन्या बाजारातलं चांगलं दार शोधा. चिखलीच्या कुदळवाडीत पूर्वी भंगाराच्या गोदामांची रांगच होती, २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं ती बांधकामं पाडली आणि तिथले लोक विखुरले. आता डेंटरच्याच ओळखीनं मिळवावं लागतं. जुना भाग घेताना साधी का होईना पावती घ्या, चोरीच्या गाडीचं दार आपल्या गाडीला नको.

छत, बॉनेट आणि डिकीला गंज नसेल तर त्यांना हातच लावू नका. रबिंग आणि पॉलिशनं जुना पांढरा रंग बराच उजळतो. तुमचा रंग साधा पांढरा आहे, मेटॅलिक नाही, हे तुमचं भाग्य. त्याला बेस कोट आणि क्लिअर कोट असे दोन थर लागत नाहीत आणि जुन्याशी जुळवायलाही सोपा. फक्त पंचवीस वर्षांत पांढरा थोडा पिवळसर झालेला असतो, म्हणून डब्यावरच्या नंबरावर जाऊ नका. पेट्रोल भरायच्या जागेवरचं बाहेरचं पत्र्याचं झाकण काढून रंगाच्या दुकानात न्या आणि त्याच्याशी जुळवून घ्या.

डेंटरकडून कागदावर लिहून घ्या, वहीचा साधा कागद चालेल. कोणत्या जागी पत्रा कापणार, कोणत्या जागी जोडणार, कोणता भाग नवा आणणार, कोणती पॅनेल रंगवणार, पत्र्याचे किती, रंगाचे किती. ४० मधले सहा हजार त्याला न सांगता बाजूला ठेवा. ‘उघडल्यावर’ जे निघेल ते त्यातून. आणि काढून टाकलेला सडका पत्रा गाळ्यात जपून ठेवायला सांगा, तो मोजून मगच पुढचा हप्ता द्या. प्रत्येक टप्प्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही, उलट आपलं झाकलं जाणारं काम कोणीतरी बघतंय याचा त्याला आनंद होतो.

काम दोन भागांत करा. पत्र्याचं आत्ता, रंगाचं नोव्हेंबरात. बंद गाळ्यात कापणं-जोडणं पावसाळ्यातही होतं, आणि तुमची गाडी आणखी एक पावसाळा अशीच ओली राहणं परवडणारं नाही. कापण्याच्या आधी खालून साध्या पाण्याच्या जोरदार धारेनं सांधे धुऊन घ्यायला सांगा, मीठ पाण्यानंच निघतं, तारेच्या ब्रशनं नाही. मग पूर्ण वाळवायचं. जिथे पत्रा शाबूत आहे पण वर तपकिरी थर आहे, तिथे घासून फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावायचं. नवा पत्रा जोडला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. उघडा पत्रा पावसाळी हवेत एका रात्रीत लालसर होतो, ‘उद्या मारू’ हे ऐकून घेऊ नका. सांध्यांवर सीलर. गाडी अशी करड्या प्रायमरमध्ये दोन-तीन महिने फिरली तरी बिघडत नाही, फक्त तो प्रायमर इपॉक्सीच असायला हवा. साधा प्रायमर पाणी आत सोडतो. शेजारी विचारतील, विचारू द्या. यात तुमचा खर्चही दोन हप्त्यांत विभागला जातो.

अंडरकोटिंगचं एक सांगून ठेवतो, कारण हा खर्च तुमच्या गळ्यात मारायचा प्रयत्न नक्की होईल. तो काळा डांबरासारखा थर स्वच्छ, प्रायमर लावलेल्या पत्र्यावर उपयोगी आहे. गंजावर मारला तर ओल आत कोंडली जाते आणि गंज दिसायचाही बंद होतो. त्यापेक्षा रनिंग बोर्ड आणि दारांच्या पोकळीत आतून मेण फवारून घ्या. ते सांध्यात झिरपतं. पाणी जायची भोकं त्यानं बुजली नाहीत ना, एवढं मात्र बघा.

रंग नोव्हेंबरात का, तर दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि रंगावर दुधाळ छटा येते. शिवाय खंडेनवमी-दसऱ्याच्या आधी सगळ्या पुण्याला गाडी चकचकीत हवी असते, गाळ्यात घाई असते आणि घाईत घासकाम कमी होतं. दसरा-दिवाळीची गर्दी जाऊ द्या. पेंटर विचारेल, ‘ड्यूको मारू का पीयू?’ पीयू म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग. ड्यूको हे ड्यूपाँ कंपनीच्या १९२० च्या दशकातल्या रंगाचं नाव, ते आपल्याकडे भिंतीवरच्या घड्याळासारखं कायमचं टांगून राहिलंय. आज ड्यूको म्हणतात तो लवकर सुकणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग. स्वस्त असतो, पण उन्हात लवकर खडूसारखा होतो. तुम्ही पीयू घ्या. फरकाचे पैसे वाजवी आहेत. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणालाही तो मारू देऊ नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते श्वासातून गेले तर दमा जडू शकतो. पेंटर तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारत असेल तर त्याला थांबवून सांगा, तो तुमच्यापेक्षा रोज जास्त श्वास घेतोय त्या गाळ्यात.

रंग पांढराच ठेवा. बदलला तर आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते. नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली असेल तर ती काढू देऊ नका, तिचे लॉक एकदाच बसतात. तिच्यावर कागद-टेप लावून काम होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. आधी गाडी तुमच्या नावावर करा, फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती घेऊन संगमपुलाजवळच्या आरटीओत. त्याची मुदत तीन महिन्यांची होती, ती उलटलीय, दंड भरून काम होतं, पण लांबवू नका. मग नूतनीकरणाचा फॉर्म २५, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत भरता येतो. २०२५ मध्ये नियम बदलला, वीस वर्षांवरच्या चारचाकीचं शुल्क १० हजार झालंय, पर्यावरण कर वेगळा. ही रक्कम ४० हजारांत धरू नका, वेगळी काढून ठेवा. दिल्लीतल्या जुन्या गाड्यांवरच्या बंदीच्या बातम्या वाचून घाबरला असाल तर ती पुण्याला लागू नाही. तपासणीत पास झाली की आणखी पाच वर्षं. अर्धवट रंगासाठी अधिकारी अडवत नाही. पत्र्याला भोक असेल तर अडवतो आणि ते योग्यच आहे. विमा कंपनीकडून गंजाचे पैसे मिळतील का असं कोणी सुचवलं तर तो नाद सोडा, झीज आणि गंज विम्यात येत नाही.

आणि तुमच्या बाबांचं अक्षर. डिकीचं झाकण आपण रंगवतच नाही आहोत, तरी तोंडी सांगण्यावर विसंबू नका. आजूबाजूला काम करताना थिनरचं फडकं एकदा त्या जागेवरून फिरलं की मार्करची शाई क्षणात जाते. गाडी गाळ्यात सोडायच्या आधी दिवसाउजेडी त्याचे तीन-चार फोटो काढा, सरळ समोरून. मग त्या मजकुरावर आधी कोरा कागद ठेवा आणि टेप कागदाच्या बाहेर, अक्षरापासून चार बोटं लांब लावा. अक्षरावर थेट टेप लावली तर काढताना ती शाई उचलून घेते. वर जाड स्केच पेननं लिहा, ‘हात लावू नये’. ते कायमचं जपायला म्हणून वरून वॉर्निश किंवा क्लिअर मारून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, त्यातल्या थिनरनं ते पसरेल. आणि गाडी परत आली की बाबांनी लिहिलेली टायरची हवा आधी बघा, पेट्रोल पंपावर तेवढीच भरा, आणि शेवटच्या तारखेखाली तुमच्या हातानं पुढची तारीख घाला.